जुन्या सिट्रोएनचा ब्रेक ढिला पडलाय: आधी पैसे प्रेशरवर घालायचे की चाकांवर?

हायड्रोन्यूमॅटिक (स्प्रिंगांऐवजी ऑइल आणि गॅसवर उभ्या असलेल्या) सस्पेन्शनची जुनी फ्रेंच सिट्रोएन, म्हणजे जीएस, सीएक्स, बीएक्स किंवा झँटिया, मुंबईत कुणाकडे हौसेने येते, तर कुणाकडे सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिलेली वारशाने. ब्रेक नीट लागेना झाला की गल्लीतला मेकॅनिक उभ्या उभ्या निकाल देतो: "सेठ, पॅड टाकतो, हवा काढतो, ब्रेक ऑइल बदलतो. संध्याकाळी गाडी न्या." मारुतीसाठी हा निकाल बहुतेक वेळा बरोबर असतो. या गाडीत मात्र त्यातली तिसरी गोष्ट सगळी सिस्टीम नासवू शकते आणि पहिल्या दोन कदाचित लागणारही नाहीत.

साध्या गाडीत पायाचा जोर मास्टर सिलिंडर ऑइलवर टाकतो आणि बूस्टर त्याला हात देतो. इथे ती भानगडच नाही. इंजिनवर चालणारा पंप साधारण 145 ते 170 बारचं प्रेशर तयार करून ठेवतो. त्यावरच गाडी उचलली जाते आणि ब्रेकही त्यावरच लागतात. पेडल म्हणजे फक्त एक झडप. त्यामुळे दोष दोनच बाजूंना असू शकतो. एक तर प्रेशर साठत नाही, नाहीतर साठलेलं प्रेशर चाकापर्यंत जाऊन तिथे काम करत नाही. खर्चही याच दोन बाजूंना वाटला जातो.

त्याआधी एक चाळणी. मर्सिडीजच्या काही जुन्या मॉडेलांत मागचं सस्पेन्शन हायड्रॉलिक आहे, पण ब्रेक नेहमीचेच. सिट्रोएनच्याच पहिल्या सी5 पासून ब्रेक वेगळे झाले. असली गाडी असेल तर गल्लीतला मेकॅनिक बरोबर आहे, त्याला करू द्या. आणि भारतात 2021 मध्ये सी5 एअरक्रॉस आली तिच्या जाहिरातीतले 'हायड्रॉलिक कुशन' म्हणजे ही सिस्टीम नव्हे. शोरूममध्ये जुनी बीएक्स घेऊन गेलात तर चहा मिळेल, फार तर.

प्रेशरची बाजू

इथला मुख्य संशयित म्हणजे प्रेशर साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटरचा गोळा. आत एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑइल आणि मध्ये रबरी पडदा. वर्षानुवर्षं त्या पडद्यातून नायट्रोजन झिरपत जातो, गाडी चालवा अगर न चालवा. गॅस गेला की साठा संपला. मग पंप फिरतोय तोवर ब्रेक आहे आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद पडलं की भरवसा नाही.

तपासायला एक पैसा लागत नाही. सपाट जागी हँडब्रेक ओढून इंजिन आयडलवर ठेवा, गाडी पूर्ण उचलली जाऊ द्या आणि बॉनेट उघडा. स्टिअरिंग आणि ब्रेकला हात-पाय लावू नका. प्रेशर मर्यादेत ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून मधूनमधून 'टक' असा आवाज येतो, पंपाने पुन्हा भरणा सुरू केल्याचा. दोन आवाजांमध्ये अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ जात असेल तर ठीक. दर दोन-तीन सेकंदांनी टकटक चालली असेल तर गोळा रिकामा तरी आहे किंवा आत कुठेतरी गळती तरी. आता इंजिन बंद करा, इग्निशन चालू ठेवा आणि ब्रेक दाबत राहा. चांगल्या गोळ्यावर बरेच दाब निघतात. दुसऱ्या-तिसऱ्या दाबालाच प्रेशरचा लाल दिवा पेटला, तर पॅडवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

गोळा ऑपेरा हाउसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळेल ही आशा सोडा. तो युरोपातून मागवावा लागतो आणि आत गॅस असल्यामुळे कुरिअरवाले कागदपत्रांसाठी खळखळ करतात. पडदा शाबूत असेल तर योग्य अडॅप्टर लावून पुन्हा नायट्रोजन भरता येतो, पडदा फाटला असेल तर गोळा भंगारात. भरायचा तो नायट्रोजनच. "ऑक्सिजनचा बाटला आहे इथे, भरून टाकू" म्हणणाऱ्याकडून गाडी तत्क्षणी परत घ्या, कारण ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. गोळा काढण्याआधी गाडीची उंची ठरवणारा सस्पेन्शनचा लिव्हर सगळ्यात खाली आणायचा आणि रेग्युलेटरवरचा 12 चा ब्लीड स्क्रू एक-दीड फेरा सैल करून प्रेशर सोडायचं. स्क्रू पूर्ण बाहेर काढायचा नाही, त्याच्या खाली एक बारीक छर्रा असतो आणि तो गटारात गेला की शोधत बसा. गाडीखाली शिरायचं असेल तर भक्कम स्टँडशिवाय नाही. प्रेशर गेलं की ही गाडी खाली बसते, आणि खाली कोण आहे ते बघत नाही.

चाकांची बाजू

गाडी एका बाजूला ओढते, एकच चाक तापतं, ब्रेक दाबल्यावर खरखर येते: अशी लक्षणं असतील आणि वरच्या दोन्ही परीक्षा पास झाल्या असतील, तर पैसे इथे घाला. हे काम स्वस्त आहे आणि मुंबईत होण्यासारखं आहे. पॅडला नवं लायनर चिकटवून मिळतं, डिस्क लेथवर साफ होते.

बीएक्समध्ये एक जागा मात्र हमखास बघा. मागचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मवर बसतो. खारी हवा आणि हिंदमातासारख्या ठिकाणचं साचलेलं पाणी यांनी त्या दोन भागांच्या मध्ये पांढरी पूड धरते, ती फुगून कॅलिपर तिरका होतो आणि पॅड एका कडेनेच झिजतो. नुसता पॅड बदलला तर काही महिन्यांत तेच रडगाणं. कॅलिपर उतरवून दोन्ही पृष्ठभाग घासून साफ केले तरच काम टिकतं.

आणि एक गैरसमज. जीएस, सीएक्स, बीएक्समध्ये मागच्या ब्रेकला प्रेशर मागच्या सस्पेन्शनमधून मिळतं, म्हणजे मागे जितकं ओझं तितका ब्रेक. गाडी जॅकवर घेऊन मागची चाकं लोंबकळत ठेवली की तिथलं प्रेशर पडतं आणि ब्रेक धरत नाही. मेकॅनिक "मागचा ब्रेक गेला" म्हणतो तेव्हा ब्रेक बहुधा ठणठणीत असतो. हवा काढतानाही म्हणूनच इंजिन चालू आणि लिव्हर सगळ्यात वर लागतो. हँडब्रेकची केबल मागे शोधू नका, बीएक्सचा हँडब्रेक पुढच्या चाकांवर आहे.

ऑइल

दोन्ही बाजूंना सामायिक असलेली आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट ही. या गाड्यांत हिरवं एलएचएम, म्हणजे खनिज तेल. सिट्रोएनची त्याहून जुनी डीएससुद्धा युरोपात 1966 पासून त्यावर आली, त्याआधीच्या डीएसमध्ये एलएचएस नावाचं वेगळं, लाल ऑइल असतं. डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल एलएचएमच्या टाकीत गेलं तर सील फुगतात आणि पंपापासून कॅलिपरपर्यंत सगळं उघडावं लागतं. गाडी गॅरेजला देताना टाकीच्या झाकणावर मार्करने ठळक लिहा: "ब्रेक ऑइल टाकू नये."

तर मग?

टकटक जलद असेल तर आधी गोळा, मग नवं एलएचएम, आणि तोवर चाकांना हात नको. टकटक ठीक असेल तर चाकं, आणि प्रेशरच्या बाजूचा एकही नट उगाच उघडू नका. पाइपांच्या जोडात छोट्या रबरी सील असतात. जुनी सील परत बसवली की जोड गळतो, मग मेकॅनिक तो आणखी आवळतो आणि दुरुस्तीतून नवाच दोष निघतो. दोन्ही बाजू बिघडल्या असतील आणि पैसे एकाच कामापुरते असतील तर प्रेशरची बाजू घ्या. एक कॅलिपर अडकला तर गाडी कमी थांबते, प्रेशर गेलं तर थांबतच नाही. दुसरं काम होईपर्यंत गाडी उभी ठेवा.

तिसरा पर्यायही कुणीतरी सुचवेलच: हे सगळं काढून स्प्रिंगा, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर बसवायचा. माझं मत विचाराल तर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. शिवाय पुढच्या-मागच्या ब्रेकचा जो तोल ही गाडी ओझं बघून स्वतः सांभाळते, तो अंदाजपंचे बसवलेल्या भागांतून येत नाही. एवढा खर्च करायची तयारी असेल तर त्याच पैशात गोळे येतील आणि ऑइलही.