कार्यालयाच्या फलकासाठी मीडिया प्लेअर: एका लग्नसराईनंतर

पुण्यात सदाशिव पेठेत आमचं मंगल कार्यालय आहे. दारातल्या फळ्यावर वधूवरांची नावं लिहायचं काम मामंजींनी पस्तीस वर्षं केलं. खडूने, सुवाच्य अक्षरात, आणि 'चि. सौ. कां.'मधला अनुस्वार कधी सुटला नाही. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा आम्ही दारात ४३ इंची स्क्रीन लावला. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला असल्यामुळे त्याची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली.

पहिली दोन वर्षं स्क्रीनमागे टीव्हीला लावतात तो साधा अँड्रॉइड बॉक्स होता. त्याचा ॲडॉप्टर जळला, म्हणून तपकीर गल्लीतून, म्हणजे आमच्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तेवढ्याच व्होल्टचा दुसरा आणला. दोन्हींची पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर, दिसायला अगदी एकसारखी. पण आतलं भोक जुन्याचं २.१ आणि नव्याचं २.५. मोठ्या भोकाची पिन बारीक खुंटीवर बसते खरी, पण धरून राहत नाही. जिन्यावरून चार माणसं एकदम खाली आली की भिंत हादरायची आणि बॉक्स रीस्टार्ट व्हायचा. एकदा मंगलाष्टकं चालू असताना दारात नावांच्या जागी नुसता लोगो फिरत राहिला. वधूचे वडील काही बोलले नाहीत. मला मात्र ते फार लागलं.

म्हणून दिवाळीनंतर खास डिजिटल फलकासाठी बनवलेला प्लेअर, म्हणजे स्क्रीनला चित्र पुरवणारा डबा, घेतला. किंमत त्या बॉक्सच्या जवळपास चौपट. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या एकाच नगावरून केलेल्या आहेत. या जातीच्या प्लेअरची मागची बाजू बहुतेक अशीच असते, त्यामुळे घेणाऱ्याला उपयोग होईल. व्हिडिओ कसा दिसतो यावर मी लिहिणार नाही. चांगला दिसतो, एवढं पुरे. मला सांगायचंय ते मागच्या पोर्टांबद्दल, कारण आमच्यासारख्या ठिकाणी प्लेअर दगा देतो तो तिथेच.

वीज द्यायच्या दोन वाटा आहेत. एक १२ व्होल्टचा जॅक, आणि त्याला आटे आहेत. पिन घालून बाहेरची रिंग फिरवली की ओढूनही निघत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा प्लेअर घेतला असता. दुसरी वाट म्हणजे पीओई, नेटवर्कच्या केबलमधूनच वीज. याला ८०२.३एटी दर्जाचा नेटवर्क स्विच (ज्यात सगळ्या नेटवर्क केबली येतात तो डबा) लागतो. तो पोर्टमागे ३० वॅट देतो आणि केबलमधली घट धरून प्लेअरपर्यंत २५.५ वॅट पोचतात. आमचा स्विच ऑफिसात इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे गुरुवारी लाइट गेली तरी प्लेअर चालूच असतो. स्क्रीन तेवढा जातो आणि लाइट आली की जिथे होतं तिथून पुढे सुरू. केबल मात्र पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो. विजेसाठी ती नको.

एचडीएमआयचं, म्हणजे स्क्रीनला चित्र नेणाऱ्या केबलचं, एक जुनं दुखणं इथे सुटलं. सकाळी मेन स्विच टाकला की बॉक्स आधी जागा व्हायचा आणि स्क्रीन मागून. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी शेवटच्या पिनेवरून समोर स्क्रीन आहे की नाही हे कळतं. ते वेळेत कळलं नाही की बॉक्स स्वतःच्या मनाने कमी रेझोल्यूशन धरून बसायचा आणि जोडाक्षरं फुटायची. 'कृष्णाजी'तला ष्ण वाचता येईना. या प्लेअरमध्ये १०८०चं रेझोल्यूशन आणि ६० हर्ट्झ कायमचं ठरवून देता येतं, समोर स्क्रीन असो वा नसो. शिवाय पोर्टाच्या वर स्क्रूचं भोक आहे. स्क्रूवाली केबल घेतली तर तीही हलत नाही.

आता मुख्य गोष्ट, बटणाची. वरच्या मजल्यावर पंगत मांडून झाली की खाली सांगायला दरवेळी एक मुलगा धावत यायचा. मला हवं होतं की मुदपाकखान्यात आचारीकाकांनी बटण दाबावं आणि दारातल्या स्क्रीनवर 'पहिली पंगत सुरू' असं यावं. त्यासाठी प्लेअरला जीपीआयओचं, म्हणजे बाहेरची बटणं वगैरे जोडायचं, आठ टोकांचं हिरवं कनेक्टर आहे. आतून प्रत्येक इनपुट ३.३ व्होल्टला रोधातून बांधलेलं आहे. बटण ते टोक ग्राउंडला टेकवतं, व्होल्टेज शून्य होतं आणि प्लेअरला कळतं की दाबलं. म्हणजे बटणाला दोनच तारा, बाहेरून वीज अजिबात द्यायची नाही. आमच्या वायरमनकाकांना सवयीने त्यात १२ व्होल्ट घालायचे होते. मी मीटर लावून त्यांना ३.३ दाखवले. ते म्हणाले, "मग वहिनी, ही तार मेनच्या पाइपात नको." तेव्हा मी ऐकायला हवं होतं. वेगळी खोदाई नको म्हणून मी एक्झॉस्ट पंख्याच्या वायरीशेजारूनच साधी दोन पदरी तार नेली, २२ मीटर.

पहिल्याच मोठ्या लग्नात, अकराच्या सुमारास, मुदपाकखान्यात वाटण वाटायचं मोठं यंत्र सुरू झालं आणि दारात 'पहिली पंगत सुरू' झळकलं. मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा. अक्षता पडायच्या आधी तीस-चाळीस माणसं जिना चढून वर गेली, पानं वाढलेली नव्हती, आणि त्यांना समजावून खाली आणताना माझे हात गार पडले होते. बटण कोणी दाबलं नव्हतं. मोटार सुरू होताना लांब तारेत क्षणभर जो झटका उतरतो तो त्या नाजूक इनपुटाला पुरेसा होता.

नंतर तीन गोष्टी केल्या. शील्ड (तारांभोवती धातूचं वेष्टण) असलेली केबल घेतली आणि तिचं शील्ड फक्त प्लेअरच्या टोकाला ग्राउंड केलं, दोन्हीकडे नाही. ती केबल जिन्याच्या बाजूने, मेनपासून हातभर लांब नेली. आणि प्लेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण पाव सेकंद दाबलेलं राहिलं तरच मानायचं, असं ठरवून दिलं. त्यानंतर अख्ख्या लग्नसराईत एकही खोटी पंगत लागली नाही. आचारीकाका आता ते बटण कोणालाही दाबू देत नाहीत.

त्याच कनेक्टरबद्दल तक्रारही आहे. सोबत तारा आवळायची एकच जोडणी येते आणि तिच्या स्क्रूचे आटे कच्चे आहेत. दुसऱ्यांदा आवळताना एक स्क्रू फिरतच राहिला. तपकीर गल्लीत तसंच हिरवं कनेक्टर लगेच मिळालं, पण घरी येऊन बघते तर पहिली दोन टोकं बसतात आणि शेवटची बाहेर राहतात. प्लेअरचं टोकांमधलं अंतर ३.५ मिलिमीटर, आणलेल्याचं ३.८१. एका टोकाला फरक जाणवत नाही, पण आठ टोकांत तो दोन मिलिमीटरच्या वर जातो. कंपनीने हा आकडा पुस्तिकेत छापायला हवा होता. तुम्ही दुकानात जाताना जुनी जोडणी खिशात घेऊन जा. आणि बारीक पदरांच्या तारेला पिन लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची पिन) दाबून मगच स्क्रूखाली घाला. शिसं लावून कडक केलेली तार आज घट्ट वाटते, पण शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. रात्री स्क्रीन आपोआप बंद व्हावा म्हणून मी आरएस-२३२ची, म्हणजे प्लेअरने स्क्रीनला हुकूम द्यायच्या सिरियल तारेची, जोडणी केली. प्लेअरवर ती ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर दिलीय, हेडफोनच्या जॅकसारख्याच, आणि खऱ्या आवाजाच्या जॅकच्या अगदी शेजारी. काळ्या डब्यावर करड्या बारीक अक्षरात लिहिलंय. ४३ इंचाच्या मागे हात घालून टॉर्चशिवाय ते वाचता येत नाही. पहिल्याच आठवड्यात सनईसाठी आलेल्या साउंडवाल्या मुलाने स्पीकरची पिन सिरियलच्या जॅकमध्ये घातली आणि सभागृहभर खरखर झाली. मी आता त्या जॅकभोवती लाल टेप गुंडाळलीय.

पाठवणारी तार कुठली, याचंही चित्र पुस्तिकेत नाही. मी ते मीटरने शोधलं. आरएस-२३२ची पाठवणारी तार स्वस्थ असताना ग्राउंडच्या तुलनेत ऋण व्होल्टेजवर असते. माझ्या प्लेअरच्या जॅकच्या टोकावर उणे साडेपाच आलं, स्क्रीनच्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर ३ नंबरच्या पिनेवर तसंच ऋण आलं, आणि ५ नंबर ग्राउंड. म्हणजे प्लेअरच्या जॅकचं टोक स्क्रीनच्या २ नंबरला, स्क्रीनची ३ नंबर त्या जॅकच्या मधल्या रिंगला. एकाची पाठवणारी दुसऱ्याच्या ऐकणारीला, एवढं सांभाळलं की झालं. स्पीड ९६०० ठेवला आणि स्क्रीनने पहिल्या हाकेला ओ दिली. आता रात्री साडेदहाला तो आपला आपण मिटतो.

यूएसबीबद्दल फार काही नाही. नावांची फाइल नेटवर्कवरूनच जाते. घड्याळाला आत नाण्याएवढा सेल आहे, त्यामुळे लाइट जाऊन आली तरी वेळ चुकत नाही. आमच्याकडे वेळेला महत्त्व आहे, म्हणून हे मी मुद्दाम तपासलं.

पाचात चार गुण देते. एक कापला तो त्या दोन सारख्या जॅकसाठी आणि कच्च्या स्क्रूंसाठी. वरच्या भोजनगृहात आणखी एक स्क्रीन लावायचाय आणि त्यासाठी हाच प्लेअर सांगितलाय, हिरव्या कनेक्टरच्या दोन जास्तीच्या जोडण्यांसकट. नावांची फाइल मात्र स्क्रीनवर जाण्याआधी मामंजी वाचतात. परवा त्यांनी 'अनिरुद्ध'मधला चुकून पडलेला दीर्घ रू पकडला.