संडे स्कूलसाठी अनुवाद की नीतिसूत्रे?

संडे स्कूलचा, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाचा, अभ्यासक्रम बायबलच्या जुन्या करारावर बेतायचा तर दोन वाटा दिसतात: त्यातली ‘अनुवाद’ आणि ‘नीतिसूत्रे’ ही दोन पुस्तकं. अनुवादाच्या ६व्या अध्यायात शिकवणं आईबापांकडूनच होतं, घरात बसता-उठता, वाटेने चालताना. मुलगा विचारतो, हे नियम कशासाठी? बाप नियम समजावत बसत नाही. आम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) फारो राजाचे गुलाम होतो, इथून गोष्ट सुरू करतो.

नीतिसूत्रांत बहुतेक सुटी वचनं. पाठांतराला सोयीची, म्हणून शिक्षकांची लाडकी. पण २६:४ (२६वा अध्याय, ४थं वचन) म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. लगेच २६:५ म्हणतं, दे! मोठ्या मुलांच्या वर्गात यावरून वाद पेटतो, आणि तो पेटायलाच हवा. लहानांसाठी मात्र मी अनुवादच निवडेन. अडचण एकच: रविवारच्या तासाभरावर सगळं सोपवून मोकळे होणारे पालक.