कार्डातून दोनदा पैसे कटले: आधी दुकानात जायचं की बँकेत?

पाडव्याच्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि नेमकं तेव्हाच स्वाइप मशीनचं नेटवर्क मान टाकतं. माझं सांगलीत भांड्यांचं आणि मिक्सर-कुकरचं दुकान आहे. अशाच एका पाडव्याला एका काकूंनी ४,८५० रुपयांच्या मिक्सरसाठी डेबिट कार्ड दिलं. मशीन बराच वेळ विचार करत बसलं आणि 'नो रिस्पॉन्स' दाखवून गप्प झालं. पुन्हा कार्ड लावलं, या वेळी स्लिप निघाली. काकू घरी पोचायच्या आत फोन आला, "अहो दादा, दोनदा कटले की पैसे! मेसेज दोन आलेत." मी मशीनमधली बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची यादी, काढून बघितली, तर माझ्याकडे त्यांचा एकच व्यवहार. त्या खरं बोलत होत्या आणि मीही.

पुढे वर्षभराने पुण्यात एका कापड दुकानात माझ्याच क्रेडिट कार्डातून तीच रक्कम दोनदा गेली. तिथे मात्र दोन्ही वेळा स्लिप निघाली होती. काउंटरवरच्या पोराने पहिली स्लिप फाडून बाजूला ठेवली आणि पैसे झालेच नाहीत असं समजून पुन्हा कार्ड मारलं. वरून बघितलं तर तक्रार एकच, दोनदा पैसे कटल्याची. पण काकूंचे पैसे वाटेत अडकले होते आणि माझे त्या दुकानाच्या हिशेबात जमा झाले होते. दुकानात जायचं की बँकेत, ते याच फरकावर ठरतं. लोक नेमकं उलटं करतात. वाटेत अडकलेल्या पैशांसाठी दुकानदाराशी भांडतात, आणि दुकानात पोचलेल्या पैशांसाठी बँकेचं कस्टमर केअर लावून तासभर गाणी ऐकतात.

आधी पैसे कुठे आहेत ते बघा

दोन मेसेज आले म्हणजे दोनदा पैसे गेलेच, असं नाही. क्रेडिट कार्डावर बँक आधी रक्कम फक्त अडवून ठेवते, व्यवहार पक्का नंतर होतो. ॲपमध्ये तोवर तो 'पेंडिंग' दिसतो. दोन-तीन दिवसांत दोनांतला एक गळून पडला तर विषय तिथेच संपला. डेबिट कार्डावर खात्यातली शिल्लक लगेच उतरते, त्यामुळे घाबरायला जास्त होतं, आणि महिनाअखेर असेल तर घाबरण्यासारखं असतंही.

दुकानदाराला सांगा की आजच्या बॅचचा तपशील काढून दाखवा. मशीनमधून तो कागदावर निघतो. त्यात प्रत्येक व्यवहारापुढे रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि आरआरएन नावाचा १२ आकडी नंबर असतो. तुमच्या कार्डाच्या दोन ओळी दिसल्या तर पैसे दुकानाकडे निघाले आहेत. एकच दिसली तर दुसरे वाटेत आहेत, आणि दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी ते त्याच्या हातात नाहीत.

आणखी एक प्रकार आहे: कार्ड चाललं नाही म्हणून तुम्ही रोख किंवा यूपीआयने पैसे दिले, आणि नंतर कार्डातूनही गेले. यात कार्डाची ओळ एकच असते, म्हणून बँकेला वरवर काही चुकलेलं दिसत नाही. रोख दिल्याचा पुरावा, म्हणजे शिक्क्याचं बिल किंवा यूपीआयचा यूटीआर (व्यवहाराचा नंबर), तुम्हालाच जोडावा लागतो. व्हिसा या कार्ड-नेटवर्कच्या नियमांत 'दोनदा आकारणी' आणि 'दुसऱ्या मार्गाने पैसे दिले' ही दोन कारणं शेजारी-शेजारीच बसवलेली आहेत.

दुकानाचा रस्ता

दुकानाच्या रस्त्याला एक गोष्ट फार मोठी आहे, आणि ती फक्त त्याच दिवशी मिळते. बॅच सेटल व्हायच्या, म्हणजे दिवसाचे व्यवहार पक्के होऊन बँकेकडे जायच्या आधी दुकानदार जादा व्यवहार 'व्हॉइड', म्हणजे रद्द, करू शकतो. स्लिपवरचा नंबर टाकला की मिनिटभराचं काम. पैसे दुकानाकडे जातच नाहीत. बऱ्याच मशीनचं सेटलमेंट रात्री आपोआप होतं, काही दुकानदार गल्ला मोजताना स्वतः मारतात. म्हणजे संध्याकाळी सात वाजता लक्षात आलं तर सकाळी जाऊ म्हणू नका, चप्पल घाला आणि निघा. व्हॉइडची स्लिप मात्र मागून घ्या.

एकदा सेटलमेंट झालं की रिफंड. इथून रस्ता लांबतो. बऱ्याच छोट्या दुकानांच्या मशीनवर रिफंडची सोय बंदच ठेवलेली असते. दुकानदाराला मशीन देणाऱ्या बँकेला मेल टाकावा लागतो, आणि तो मेल कधी जाईल हे त्याच्या अकाउंटंटवर अवलंबून असतं. रिफंड खरोखर पाठवला असेल तर त्याचा माग काढायला २३ आकडी एआरएन नंबर मिळतो. तो मागा. "करतो, तीन-चार दिवसांत येतील" हे उत्तर आणि एआरएन यांत किती अंतर असतं, ते मी पुण्यात तीन आठवडे मोजलं. त्या दुकानात मी चार फोन केले, दर वेळी "कालच टाकलंय सर." काही टाकलं नव्हतं.

रोख परत मिळत असेल तर? दुकानदार म्हणून माझा हात आखडतो, आणि कारण कंजुषी नाही. काकूंसारख्या प्रकरणात मी रोख दिली आणि अडकलेले पैसे बँकेने परत केले, तर मी ४,८५० ला बुडालो. दोन ओळी स्पष्ट दिसत असतील तर रोख द्यायला मी तयार होईन, पण बिलावर 'जादा रक्कम रोख परत मिळाली' असं लिहून सही घेईन. ग्राहकानेही अशी रोख घेतल्यावर बँकेत तक्रार लावू नये. असं करणारे आहेत, म्हणून सांगतोय.

बँकेचा रस्ता

वाटेत अडकलेल्या पैशांसाठी बँकेचा रस्ता भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, कार्डातून पैसे गेले पण दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. हे पाच दिवस कॅलेंडरचे आहेत, त्यात सुट्ट्या वगळत नाहीत. त्यानंतर दर दिवशी १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांनाही हेच पाच दिवस लागू आहेत. काकूंना मी एवढंच सांगितलं, की पाच दिवस थांबा आणि सहाव्या दिवशी बँकेत लेखी द्या. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, पैसे आले होते. फोनवर मिक्सरची वॉरंटीही विचारून घेतली.

दोन्ही स्लिपा निघाल्या असतील तर मात्र हा पाच दिवसांचा नियम लागत नाही, कारण दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत. मग बँकेचं हत्यार म्हणजे चार्जबॅक. तुमची बँक कार्डाच्या नेटवर्कमार्फत दुकानाच्या बँकेकडे पैसे परत मागते, ती दुकानाच्या पुढच्या जमेतून रक्कम अडवते आणि दुकानदाराकडे बिलं मागते. व्हिसात यासाठी १२० दिवसांची मुदत आहे, पण तुमच्या बँकेच्या अटींत याहून कमी दिवस लिहिलेले असू शकतात. दुकानदाराने दोन वेगळी बिलं दाखवली तर तुमचा दावा पडतो. मुलीला आणि सुनेला एकाच किमतीचे दोन कुकर घेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे असतात, म्हणून नुसती सारखी रक्कम हा पुरावा होत नाही. तुमच्याकडे एका वस्तूचं एकच बिल हवं.

फॉर्म भरताना एक चूक महागात पडते. 'अनधिकृत व्यवहार' किंवा 'फ्रॉड' वर टिक करू नका. तसं केलं की कार्ड बंद होतं, नवं येईपर्यंत आठवडा जातो, आणि वर बँक म्हणते की पिन तुम्हीच टाकला होता. पिन टाकलाच होता! तक्रार 'दोनदा आकारणी' ची आहे, तेच कारण निवडा. दोन्ही आरआरएन, बिल, दुकानाशी झालेला व्हॉट्सॲप संवाद जोडा आणि तक्रारीचा नंबर घ्या.

बँक अंतिम निकाल लागेपर्यंत कधी कधी तात्पुरती रक्कम जमा करते. ती तुमची झाली असं समजून खर्च करू नका, दावा पडला तर ती परत वळती होते.

क्रेडिट कार्डवाल्यांनी देय तारखेकडे लक्ष ठेवावं. वादातली रक्कम भरायची नाही असं मनाशी ठरवून लोक कमी भरतात, आणि मग सगळ्याच खरेदीवर व्याज लागतं. वादग्रस्त रकमेवर आकार लावू नये हे रिझर्व्ह बँकेचं संरक्षण फ्रॉडच्या तक्रारींसाठी आहे, दोनदा आकारणीच्या नाही. झेपत असेल तर पूर्ण बिल भरा. बिलाला हरकत घेतल्यावर ३० दिवसांत कागदपत्रांसह खुलासा देणं कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे.

मग निवड कशी करायची

त्याच दिवशी लक्षात आलं आणि दोन ओळी दिसतायत, तर दुकान. दुसरा विचार नको. स्लिप निघालीच नव्हती, तर दुकानाचा उंबरठा झिजवू नका. पाच दिवस, मग बँक. सेटलमेंट होऊन गेलंय आणि दुकान ओळखीचं, गल्लीतलं आहे, तर आठवडाभर दुकानाला द्या, पण एआरएन मागूनच. चार्जबॅकमध्ये छोट्या दुकानदाराची रक्कम अडकते, करारानुसार दंडही बसू शकतो आणि पुढच्या वेळी तो तुमच्याकडे बघून हसत नाही. दुकान परगावचं किंवा ऑनलाइन असेल तर एवढी भीड कशाला? दुकानाला एक मेल टाका, दोन-तीन दिवस बघा आणि बँकेत तक्रार लावा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पोर्टलवर तक्रार फुकट होते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आमच्या भागात बऱ्याच जणांचं कार्ड नागरी सहकारी बँकेचं असतं. ५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका या योजनेत येतात. पतसंस्था येत नाहीत. आणि लोकपाल दुकानाविरुद्धची तक्रार ऐकत नाही. दुकान पैसे घेऊन बसलं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगा.

माझ्या पुण्याच्या प्रकरणात मी चौथ्या फोननंतर चार्जबॅक लावला. त्यानंतर दोनच दिवसांत दुकानानेही घाबरून रिफंड पाठवला आणि माझ्या कार्डावर एकाच रकमेची दोन जमा दिसली. मी बँकेला कळवून दावा मागे घेतला, तर तिकडच्या मॅडमनी विचारलं, "सर, नक्की ना? असं कुणी सांगत नाही."