एक वर्ष ब्राऊनला की दोन वर्षं व्हर्जिनियात?

ब्लॅक फेमिनिस्ट विचारावरचा प्रबंध पुरा झालाय, त्याचं पुस्तक करायचंय आणि त्यासाठी अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधन-फेलोशिप) शोधताय, तर दोन नावं हमखास कानावर येतील: ब्राऊन विद्यापीठाचं पेम्ब्रोक सेंटर आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची कार्टर जी. वुडसन इन्स्टिट्यूट. दोन्ही संस्था १९८१ च्या. साम्य जवळपास तिथेच संपतं.

पेम्ब्रोकची फेलोशिप एका वर्षाची. तिथला सेमिनार दरवर्षी एका ठरलेल्या विषयावर चालतो आणि तुमचं काम त्या विषयात बसावं लागतं. ओढूनताणून बसवलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला लगेच कळतो. विषय जुळला तर मात्र दलित स्त्रीवादाशी तुलना करणाऱ्यालाही इथे जागा मिळू शकते. संग्रह हे मोठं आकर्षण: ब्लॅक फेमिनिस्ट विचारवंत हॉर्टेन्स स्पिलर्स यांची कागदपत्रं इथल्या फेमिनिस्ट थिअरी अर्काइव्हमध्ये आहेत. (कवयित्री ऑड्री लॉर्ड यांची हवी असतील तर अटलांटाचं स्पेलमन कॉलेज गाठा.)

अडचण वेळेची आहे. प्राध्यापकपदांचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच मागवले जातात. म्हणजे घर लागतंय न लागतंय तोच पुढच्या नोकरीची पत्रं लिहायला बसायचं, वर एक कोर्स शिकवायचा. पुस्तक मागे पडतं ते इथेच.

वुडसनची फेलोशिप दोन वर्षांची, म्हणून माझा कल तिकडे. पहिलं वर्ष लिखाणाला देता येतं. चौकट आफ्रिका आणि आफ्रिकी डायस्पोराची, म्हणजे जगभर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या समाजांची, त्यामुळे दलित स्त्रीवादाशी नुसत्या तुलनेवर भागणार नाही. गुलामीचा इतिहास, श्रम, मातृत्व असा विषय असेल तर या विद्यापीठाच्या गावासारखी, शार्लट्सव्हिलसारखी, जागा नाही. हे विद्यापीठच गुलामांच्या श्रमावर उभं राहिलं. २०२० मध्ये पुऱ्या झालेल्या ग्रॅनाइटच्या स्मारकात सुमारे ४,००० माणसांसाठी खुणा आहेत. काहींची नावं कोरलेली, काहींचं नुसतं काम किंवा नातं, बाकी बहुतेकांच्या वाट्याला दगडावर फक्त एक चीर. बाहेरच्या भिंतीवर इझाबेला गिबन्स यांचे डोळे आहेत; याच आवारात गुलाम असलेल्या या बाई पुढे शिक्षिका झाल्या. जवळच माँटिसेलो, थॉमस जेफरसन यांची इस्टेट; त्यांनी गुलामीत ठेवलेल्या सॅली हेमिंग्ज इथल्याच.

भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसाचाही विचार करावा. पोस्टडॉकला बहुधा जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटर) व्हिसा मिळतो. रिसर्च स्कॉलर म्हणून तो कार्यक्रम संपला की त्याच प्रकारात २४ महिने पुन्हा जाता येत नाही. एका वर्षानंतर दुसरीकडे पोस्टडॉक करायचं असेल, तर मुदत संपण्याआधी जे-१ ची नव्या संस्थेकडे ट्रान्सफर करून घ्यावी लागते. जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट स्किल्स लिस्टमधल्या (ज्या देशांच्या लोकांना विशिष्ट कौशल्यांमुळे ही अट लागते, त्यांची यादी) देशांना लागते; डिसेंबर २०२४ मध्ये या यादीतून भारत वगळल्यामुळे ती बहुतेकांना लागू होत नाही. सरकारी पैशांवर, उदाहरणार्थ फुलब्राइट शिष्यवृत्तीवर, गेलात तर मात्र ती लागतेच.