हार्ड डिस्क टिकटिक करतेय? कुणाला उघडायला देण्याआधी हे वाचा, माझे १८,८०० गेले

दुकानाचं नाव लिहीत नाहीये, तक्रार दाखल केलीये आणि वकील मैत्रिणीने नाव टाकू नको म्हणून बजावलंय. दुकान पुण्यातलं आहे, बोर्डावर मोठ्या अक्षरात डेटा रिकव्हरी लॅब लिहिलंय, एवढं पुरे.

डिस्क २०१३ ची, डेस्कटॉपमधली, १ टीबी. आधी नुसती घरघर वाढली, मग फोल्डर उघडायला वेळ लागायला लागला आणि एक दिवस टिक टिक टिक असा एका लयीत आवाज सुरू झाला आणि विंडोजला डिस्क दिसेचना. त्यात बाबांची कीर्तनं होती, कॅसेटवरून उतरवून घेतलेली. बाबा आता नाहीत आणि कॅसेट बुरशीने गेल्या. तेव्हा बॅकअप का नव्हता हे कृपया कुणी विचारू नका, कॅसेटचा बॅकअप म्हणूनच ती डिस्क होती!

तुमची डिस्क फक्त घरघर करत असेल आणि अजून दिसत असेल तर आजच कॉपी काढा, आधी सगळ्यात महत्त्वाच्या फाइल. चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) अजिबात चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कवर त्याने अजून ताण येतो.

दुकानात तपासणीचे ५०० घेतले. त्या माणसाने डिस्क लावली, बंद केली, परत लावली, कान लावून ऐकत बसला, आणि हेड (डिस्कमधला डेटा वाचणारा भाग) गेलंय म्हणाला. "ताई, टेन्शन घेऊ नका, डोनर डिस्क आणून हेड बदलू, क्लीनरूम आहे आपल्याकडे, डेटा नाही निघाला तर सगळे पैसे परत." अॅडव्हान्स ७,५००, डोनर डिस्कचे, म्हणजे जिचं हेड काढून माझ्या डिस्कला बसवायचं त्या दुसऱ्या डिस्कचे, ४,८००. पावतीवर फक्त 'हार्ड डिस्क १ नग'. सीरियल नंबर नाही, मॉडेल नाही. पावतीवर सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय डिस्क हातातून सोडू नका, आणि आधी तिचा फोटो काढा.

डोनरचे पैसे द्यायला गेले तेव्हा आतलं दार उघडं होतं. टेबलावर झाकण काढलेली डिस्क, बाजूला चहाचा कप, आणि वर टेबलफॅन चालू. टेबलफॅन! डिस्कचं हेड प्लॅटरच्या, म्हणजे डेटा असलेल्या आतल्या गोल तबकडीच्या, वर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, धुळीचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणून तर क्लीनरूम लागते, हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. मी विचारलं पण, हीच का तुमची लॅब? तर म्हणे ही दुसऱ्या कुणाची तरी भंगारातली आहे, आपली लॅब वरच्या मजल्यावर. तिथेच डिस्क मागून घेऊन निघायला हवं होतं, अजून रात्री तो पंखा डोळ्यासमोर येतो. पण वडिलांचा आवाज समोरच्याच्या हातात अडकलेला असताना आणि तो माणूस इतक्या शांतपणे, ताई ताई करत बोलत असताना कोण भांडेल सांगा.

मग व्हॉट्सअॅपवर फाइलच्या यादीचा फोटो आला. बाबांचं नाव, गावांची नावं, तारखा, सगळं बरोबर. "डेटा निघाला, ६,००० भरा आणि घेऊन जा." मी रडले अक्षरशः, आणि तिथल्या तिथे यूपीआय केलं. घरी पेनड्राइव्ह लावला तर फाइलची नावं बरोबर, साइज बरोबर, पण एकही वाजत नाही. आतमध्ये काहीच नाही! फाइलची यादी डिस्कवर वेगळ्या जागी असते, ती वाचता आली म्हणजे फाइल वाचता आली असं होत नाही. यादी बघून एक रुपया देऊ नका, समोर बसून आपण निवडलेल्या फाइल उघडून दाखवायला लावा.

डोनर डिस्क मागितली, पैसे माझे होते ना. तर हातात ठेवली ५०० जीबीची लॅपटॉपची, तीही दुसऱ्याच कंपनीची. डोनर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची लागते, डेस्कटॉपच्या डिस्कला लॅपटॉपचं हेड बसतच नाही. नंतर मुंबईच्या एका लॅबने उघडून बघितलं, प्लॅटरवर गोल ओरखडे, आत बोटांचे ठसे. पहिल्यांदा आमच्याकडे आली असती तर शक्यता होती, असं लेखी दिलं त्यांनी.

पोलीस स्टेशनला गेले तर म्हणे कॉम्प्युटरचा विषय आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही स्वतः दुकानात जाऊन डिस्क दिली, हा ऑनलाइन फ्रॉड नाही, तुमच्या पोलीस स्टेशनला जा. परत तिकडे गेले तर साहेब बंदोबस्ताला, नंतर या. साहेब भेटले तेव्हा म्हणाले मॅडम हा दिवाणी मामला आहे, आणि गाण्यांसाठी एवढं काय. गाणी!! लॅबचा लेखी रिपोर्ट समोर ठेवला, खोटी डोनर डिस्क ठेवली, यूपीआयचे पुरावे ठेवले, कुणी हातात घेऊन बघितलं सुद्धा नाही. अर्जावर पोच म्हणून शिक्का मारायला सुद्धा वाद घालावा लागला. दिवसाढवळ्या खोटी वस्तू विकून पैसे घेतले तर ती फसवणूक नाही तर काय आहे?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन भरता येते, फक्त २ वर्षांच्या आत करा. त्याआधी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) नोंद करून ठेवा, तो तक्रार नंबर पुरावा म्हणून जोडता येतो.

आणि हो, टिकटिक आली तर लगेच बंद करा, एकदा केबल आणि पॉवर सप्लाय तपासून बघा, कमी पॉवरनेही तसाच आवाज येतो. परत परत चालू करून बघू नका आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका.

पुण्यात कुणाकडे नुसती 'हार्ड डिस्क १ नग' अशी पावती आणि न चालणाऱ्या फाइलचा पेनड्राइव्ह असेल तर मला मेसेज करा, दुकान तेच निघालं तर तुमची पावती माझ्या तक्रारीला जोडायची आहे.