‘ऑडिओफाइल’ फ्यूज: पैसे वाचवा

आवाज सुधारतो असं सांगून ऑडिओफाइल, म्हणजे आवाजाच्या दर्जाबाबत चोखंदळ हौशी लोकांना, महागडे फ्यूज विकले जातात. पण अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्यातला ५ × २० मिमीचा साधा फ्यूज काढून हजारोंचा सोनेरी फ्यूज बसवला तरी आवाज तोच राहतो. ३.१५ अँपियर फ्यूजचा रोध ओहमच्या काही शतांशांइतका. घरातल्या वायरिंगचाच त्याहून जास्त. आणि त्या सोनेरी फ्यूजवर दिशा दाखवणारा बाण! ५० हर्ट्झचा एसी वीजप्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो, त्याला कुठला बाण?

स्पीकरच्या मार्गातला फ्यूज मात्र तापून खर्जात थोडं डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) आणू शकतो.

बदलायचाच तर प्लग काढा, होल्डरच्या काळवंडलेल्या क्लिपा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. ‘टी ३.१५ ए’ (टी म्हणजे सावकाश उडणारा) याच्या जागी ‘एफ’ (झटकन उडणारा) घातला तर टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरने चालू होताना ओढलेल्या प्रवाहाच्या पहिल्या झटक्यातच उडू शकतो. ५ अँपियरचा तर मुळीच नको, बिघाड झाला तर आधी ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.