केंटकी-व्हर्जिनियाचे ठराव आणि हार्टफर्डची परिषद

संघराज्य टिकवायचे, पण केंद्राला वेसणही घालायची, हा पेच अमेरिकेत आधी दक्षिणेला पडला आणि मग उत्तरेला. सरकारवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात धाडणाऱ्या कायद्याविरुद्ध १७९८ मध्ये केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांनी ठराव केले. त्यांचे मसुदे पुढे अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन या व्हर्जिनियाच्या नेत्यांनी नाव गुप्त ठेवून लिहिले होते; जेफरसन तेव्हा त्याच सरकारात उपाध्यक्ष होते, हे विशेष.

उत्तरेत, कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे भरलेल्या परिषदेचा मार्ग वेगळा होता. ब्रिटनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धाने व्यापार बुडालेल्या न्यू इंग्लंडच्या (ईशान्येकडील राज्यांच्या) २६ प्रतिनिधींनी डिसेंबर १८१४ मध्ये बंद दाराआड बसून थेट घटनादुरुस्त्याच मागितल्या: युद्ध पुकारण्यास दोन तृतीयांश बहुमत हवे, जहाजबंदी ६० दिवसांपलीकडे नको, गुलामांच्या संख्येवर दक्षिणेला मिळणाऱ्या जादा जागा रद्द व्हाव्यात, आणि एकाच राज्याचा माणूस लागोपाठ अध्यक्ष होऊ नये. शेवटचा टोला अर्थातच व्हर्जिनियाला होता, कारण जेफरसन आणि त्यांच्यामागून आलेले मॅडिसन हे दोन्ही अध्यक्ष तिथलेच. माझ्या मते घटनेच्या चौकटीत याच मागण्या अधिक बसत होत्या, कारण केंटकीचा ठराव केंद्राचा कायदाच निरर्थक ठरवू पाहत होता. तरीही देशद्रोहाचा शिक्का बसला तो हार्टफर्डवर. मागण्या घेऊन दूत वॉशिंग्टनला पोहोचले, त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्सला ब्रिटिशांवर मिळालेल्या विजयाची आणि युद्ध संपवणाऱ्या तहाची बातमी तेथे येऊन थडकली, आणि मागण्यांतला जोरच गेला. जेफरसन मात्र ठरावांनंतर १८०० ची अध्यक्षपदाची निवडणूक जिंकून गेले होते.